अँसेल्मचं ‘आता ऐकून बघा’

दुसरा पूल ओलांडला आणि अँसेल्म परत थांबला. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा माझ्या कानात वायर घालणार. तसंच झालं. त्यानं शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, इअरफोनचा गुंता सोडवला, एक टोक स्वतःच्या कानात खुपसलं आणि दुसरं बाहीला पुसून माझ्यापुढे धरलं.

“शेजारीणबाई, आता ऐकून बघा. हॉलिसचा बास जरा खाली घेतलाय.”

माझ्या एका हातात पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात नारळ आणि बटाटे. वर दरड कोसळून रस्ता बंद झालेला, त्यामुळे अरूकाच्या नाक्यावरून आमच्या लोपिनो गावाला एकही टॅक्सी येईना. बाजार करून आलेल्यांनी आपापलं ओझं घेऊन अख्खी दरी पायी चढायची होती. माझे गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. तरी पिशव्या खाली ठेवल्या आणि ते टोक कानात घातलं, कारण नाही म्हटलं असतं तर पुढच्या वळणापर्यंत त्यानं तेच विचारलं असतं.

गाणं वाजलं. संपलं.

“कसं वाटलं?”

“बरं आहे.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं.”

“मघाच्यापेक्षा बरं, की मघाच्याइतकंच बरं?”

देवा, मला शक्ती दे, असं म्हणून मी पिशव्या उचलल्या. हॉलिसचा बास वर आहे की खाली, याचं मला काही सोयरसुतक नव्हतं. अँसेल्मची मोठी बहीण बेनिता नाताळच्या मेळ्यात परत गायला येते की नाही, एवढा एकच प्रश्न होता. मेळ्यानं घरोघरी गात फिरायला येत्या शनिवारपासून सुरुवात व्हायची होती. आणि हा माणूस तेवढं सोडून बाकी सगळं मला विचारत होता.

अँसेल्म कॅल्डेरॉन माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या घरांमध्ये फक्त एक ओहोळ आहे. मी लग्न होऊन या दरीत आले तेव्हा तो पाणीखात्यात होता. पहाटे रहदारी नसताना रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालचा नळ कुठे गळतोय ते ओळखायचं, हे त्याचं काम. आपल्या कानाचा त्याला भारी गर्व. “अख्ख्या अरूकात असा कान नाही,” असं तो स्वतःच सांगायचा, आणि लोक म्हणायचे, “कान आहे रे, पण दुसऱ्याचं ऐकायला नाही.” आई लहानपणीच गेली, तेव्हा बेनितानं त्याला वाढवला. शाळेत घातला, चर्चमध्ये नेला, मार दिला, चार तारांचं क्वात्रो हातात दिलं. नोकरीला लावतानाही तीच साहेबाकडे जाऊन बसली होती.

निवृत्त झाल्यावर इतर पुरुष मासे पकडायला जातात, पत्ते खेळतात. यानं माइक आणला. बायको वारल्यापासून घरात एकटाच, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, कपाटाची दारं काढून टाकली, कॉम्प्युटर मांडला आणि जाहीर केलं की आपल्या परांगच्या, म्हणजे नाताळात दारोदार म्हणायच्या गाण्यांच्या, मेळ्याचं रेकॉर्डिंग आता घरच्या घरी होणार आणि नाताळच्या आधी रेडिओवर लागणार. स्वतः झोपतो जमिनीवर, कारण गाद्या खिडकीला आहेत.

त्या दिवसापासून आमच्या जिवाला स्वस्थता नाही. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावते, घंटा वाजवते. दोन मिनिटांचं काम. ओहोळापलीकडून लगेच ओरडा यायचा, “शेजारीणबाई, देवाला पाच मिनिटं थांबायला सांगा! रेकॉर्डिंग चालू आहे!”

“तुमच्या गाण्याला सांगा थांबायला,” मी इकडून ओरडायची. “देव तुमच्या आधीपासून इथे आहे!”

मग तेही त्या रेकॉर्डिंगमध्ये जायचं.

रेकॉर्डिंग झालं, तेवढ्यावर भागलं नाही. त्यानंतर आवाज खाली-वर करायचं काम असतं म्हणे, त्याला मिक्स म्हणतात. अँसेल्म मिक्स करायचा आणि सगळ्यांना ऐकवायचा. ऐकवून विचारायचा, आणि जो जे सांगेल ते करायचा. या दरीत कुणाला काही सांगायचं तर ते टोमणा मारूनच सांगतात. हॉलिस खोक्याला दांडा आणि दोरी लावलेला बास वाजवतो. तो म्हणाला, “गाणं फक्कड झालंय रे. फक्त मी नेमका कधी आलो होतो? का त्या दिवशी घरीच झोपलो होतो?” अँसेल्मनं बास चढवला. कथबर्ट मेंडोलिन वाजवतो. तो म्हणाला, “मेंडोलिन ऐकू येतंय, पण पलीकडच्या दरीत वाजतंय.” अँसेल्मनं मेंडोलिन चढवलं. मग हॉलिसला बास पुन्हा कमी वाटला. असं करता करता प्रत्येक वाद्य इतकं वर गेलं की बेनिताचा आवाज त्याखाली गाडला गेला. मग तिचा आवाज वर काढायला हवा. तो वर काढला तर त्यातलं सगळंच ऐकू यायला लागलं आणि अँसेल्म तिच्या आवाजाच्या मागे लागला.

मी बेनिताबद्दल सांगायला हवं. सत्तरीच्या आसपासची, काटक, कमी बोलणारी बाई. दारात म्हणायची स्पॅनिश कडवी आता फक्त तिलाच येतात. आजीकडून शिकली. घरमालकाचं नाव गुंफून तिथल्या तिथे नवं कडवं रचते. बाकीचे नुसतं पालुपद धरतात. ती नसेल तर मेळा म्हणजे सहा माणसं आणि आवाज.

मागच्या महिन्यात एका रविवारी तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मलाही बोलावलं. माझ्यासाठी मसूर वेगळा शिजवून झाकून ठेवला होता, कोंबडीच्या रश्शातला चमचा चुकून पडू नये म्हणून. अँसेल्म भला मोठा स्पीकर घेऊन आला, तो फ्रीजवर चढवला आणि म्हणाला, “गप्प बसा सगळे. हे शेवटचं.”

गाणं लागलं. त्यात एक आवाज होता, सरळ, गुळगुळीत, नव्या पत्र्यासारखा चकचकीत, आणि चर्चच्या आतून आल्यासारखा घुमणारा. हॉलिस टेबलावर बोटं आपटायला लागला. कथबर्ट म्हणाला, “हां, आता मेंडोलिन आपल्या गावात आलं!” बेनिता कलालूची पातळ भाजी वाढत होती. तिचा डाव हातात तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत ती उभी होती. मग तिनं विचारलं,

“ही पोरगी कोण?”

सगळे हसले. अँसेल्म तर खूशच झाला. “अगं, तूच! फक्त वीस वर्षं कमी केली. ओळीच्या शेवटी आवाज हलतो ना, तो सरळ केला. मधे मधे दम घेतेस, तो काढून टाकला. बघ किती स्वच्छ झालं!”

“दम काढून टाकलास?”

“म्हणजे धापेचा आवाज गं.”

“बरं केलंस.” तिनं त्याच्या ताटात कलालू वाढलं. “मग आता दारोदार तिलाच घेऊन जा. मी घरी बसते.”

पुन्हा हशा पिकला. हॉलिस तर खोकेपर्यंत हसला. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखा टोमणा आहे. मी तिच्या शेजारी बसले होते. तो टोमणा नव्हता.

त्यानंतरच्या तालमीला ती आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. पुढच्या तालमीलाही नाही. हॉलिस तिला बोलवायला गेला तर दारातूनच म्हणाली, “पोरगी आली नाही का आज?” आणि दार लावून घेतलं. एवढ्यावर कुणीही काय करील? बहिणीकडे जाईल, पाय धरील, निदान चहा मागेल. अँसेल्म घरी गेला आणि पुन्हा मिक्स करायला बसला. त्याचं म्हणणं असं, की तिला गाणं आवडलं नाही, म्हणजे गाण्यात अजून काहीतरी राहिलंय. ते सापडलं की ती येईल.

आणि ते शोधायला माझा कान. कारण मेळ्यात माझं कुठलंच वाद्य नाही, त्यामुळे मी कशाचाच आवाज वाढवायला सांगत नाही.

तर, पूल मागे पडला. उजवीकडे कोकोची बाग लागली, रस्ता चढाला लागला. मी श्वास घ्यायला थांबले, तर याला वाटलं मी त्याच्यासाठीच थांबले. लगेच मोबाइल बाहेर.

“आता हे दुसरं. हे मी काल केलंय. बेनितासाठी. तुम्ही आवाजाकडे लक्ष द्या.”

मी ऐकलं. तीच चकचकीत पोरगी, जरा घोगरी झालेली.

“कळलं का?” अँसेल्म उत्साहानं म्हणाला. “तिला वीस जास्त वाटली असतील. म्हणून आता दहाच कमी केलीत!”

मी हातातल्या पिशव्या रस्त्यातच टाकल्या. एक नारळ घरंगळत खाली निघाला, तो अँसेल्मनं पळत जाऊन पकडला.

“अँसेल्म,” मी म्हटलं, “तुमची बहीण काय बाजारातली भाजी आहे? वीस नको तर दहा, दहा नको तर पाच?”

“तुम्ही चिडू नका. फक्त सांगा, आवाज फार पुढे आहे का? की मागे हवा?”

“मला पुढे-मागे कळत नाही.”

“असं कसं? कान आहेत ना? सगळे नुसतं छान म्हणतात, नाहीतर स्वतःचं वाद्य चढवायला सांगतात. तुम्ही बरं म्हणता. बरंचं मी काय करू? बरंला कुठलं बटण दाबू? काहीतरी नेमकं सांगा!”

त्याचाही आवाज चढला होता. महिनाभर रात्रंदिवस एकच गाणं ऐकून त्याचे डोळे खोल गेले होते. मला त्याची दया आली असती, पण माझे गुडघे दुखत होते, ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्या गाण्यानं माझे कान किटले होते. मग नेमकं हवंय ना, म्हणून मी नेमकं सांगितलं.

“हे गाणं माझ्या दारात वाजलं, तर मी दार उघडणार नाही.”

त्यानं नारळ काखेत मारला.

“मी दाराच्या आतली बाई आहे,” मी म्हटलं. “तुम्ही सगळे बाहेर उभे राहता. तुम्हाला आतून कसं ऐकू येतं ते माहीतच नाही.”

माझं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट त्याला सांगितली. नाताळाला आठवडा होता. दारात वाद्यं वाजली. मी घाबरून दिवा लावायला उठले, तर नवऱ्यानं हात धरला. म्हणाला, दिवा लावायचा नाही, झोपल्याचं सोंग करायचं, आणि कोण आलंय ते ऐकायचं. ओळखीचं असेल तरच उठायचं. आम्ही अंधारात कान देऊन पडून राहिलो. वाद्यं थांबली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी दाराच्या फटीतून एक श्वास ऐकू आला. पाण्याचा हंडा पायरीवर उतरवून बाई घेते ना, तसा. एक शब्दही झाला नव्हता. नवरा कानात म्हणाला, “बेनिता आली,” आणि शर्ट शोधायला लागला.

“मला अजून तुमची स्पॅनिश येत नाही,” मी अँसेल्मला म्हटलं. “दारात ती काय म्हणते, त्यातलं माझं नाव तेवढं मला समजतं. पण कोण आलंय ते दरवर्षी त्याच श्वासानं कळलं. नवरा गेल्यावरही तसंच. आणि तुम्ही नेमका तोच काढून टाकलात. आता दारात कोण आलंय? मला काय माहीत! असेल कुणाची तरी पोरगी.”

अँसेल्मचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला संगीतातलं काय कळतं?”

“काही नाही.”

“तेच तर!”

“मग विचारता कशाला?”

त्यानं वायर खिशात कोंबली आणि तरातरा पुढे निघून गेला. माझा नारळ त्याच्याच काखेत राहिला. मी पिशव्या उचलल्या. मनात म्हटलं, जा. दोन तास एकाच गाण्याच्या नावानं डोकं खाल्लंत, आता निदान पाखरं तरी ऐकू येतील.

दरीच्या मध्यावर कड्यात मेरीमातेची मूर्ती बसवलेली आहे. येणारे-जाणारे तिथे मेणबत्ती ठेवतात. मी नेहमी हात जोडते. आपल्याला कुठली देवी परकी? त्या दिवशीही पिशव्या ठेवून हात जोडले आणि बेनितासाठी मागितलं. अँसेल्मसाठीही मागितलं, पण जरा रागानं.

डोळे उघडले तर पलीकडे मोरीच्या कठड्यावर तोच बसलेला. मांडीवर टोपी, टोपीत माझा नारळ.

“शेजारीणबाई,” तो म्हणाला, “मला तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं.”

मनात म्हटलं, आता पुन्हा कानाचं कौतुक.

“हेडफोन लावले की तर दुसरं काही ऐकूच येत नाही,” तो टोपीकडे बघत बोलत होता. “ना बास, ना मेंडोलिन. फक्त तिची धाप. दोन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. त्यात ती ओळ संपल्यावर दम घ्यायची. गेल्या वर्षी ओळीच्या मधे घेतला. या वर्षी एका ओळीत दोनदा. मी तीच जागा फिरवून फिरवून ऐकली. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाली, तूच जा, तुझा कान तपासून घे. मग मी तो आवाज कापला. कापला की बरं वाटायचं. सगळं कापून टाकलं तेव्हा त्या दिवशी मला शांत झोप लागली.”

मी त्याच्या शेजारी कठड्यावर बसले. खाली नदीचं पाणी दरडीच्या मातीनं गढूळ झालं होतं. त्याच्यावरचा वैताग गेला नव्हता, पण वैतागणं आता बरोबर वाटेना.

“हे तिला सांगितलंत?” मी विचारलं.

“तिला? तिला काय सांगू? तू म्हातारी झालीस?”

“ते तर तुम्ही सगळ्यांसमोर फ्रीजवरून सांगितलंत.”

त्यानं टोपीतला नारळ उगाच फिरवला. मग म्हणाला, “मूळचं आहे माझ्याकडे. काही न केलेलं.”

“मग ते ऐकवा की.”

“ते ऐकवण्यासारखं नाही. त्यात कुत्रं भुंकतंय. तुमची घंटा आहे. हॉलिस एकदा चुकलाय.”

“ऐकवा.”

त्यानं लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी खाकरलं, क्वात्रोच्या तारा जुळवल्या. मग तो श्वास. मी नकळत सरळ बसले. आवाज उठला, ओळीच्या मधे थांबला, धाप लागली, पुन्हा उठला, शेवटी थरथरत खाली आला. कुत्रं भुंकलं. लांबून माझी घंटा वाजली, आणि गंमत म्हणजे ती बरोबर ठेक्यात होती. गाणं संपल्यावर बेनिता विचारत होती, “झालं का रे? तिकडे माझा भात लागला असेल.”

“हेच,” मी म्हटलं.

“पण घंटा...”

“असू दे.”

“हॉलिस म्हणेल, बास ऐकूच येत नाही.”

“हॉलिसला म्हणावं, ऐकू यायचं असेल तर दारात येऊन वाजव. सगळं काय रेडिओतच हवं?”

तो हसला, पण हसू टिकलं नाही. आम्ही उठलो. दरडीपाशी मजुरांनी पायवाट मोकळी केली होती. चिखलातून त्यानं आधी माझ्या पिशव्या पलीकडे नेल्या, मग मला हात दिला. तिथून पुढे तो एकदाही थांबला नाही, मोबाइलही काढला नाही. उलट मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

शाळेपाशी रस्ता फुटतो. डावीकडे आमची घरं, उजवीकडे चढावर बेनिताचं. नाताळचे नवे पडदे लावायचे म्हणून तिच्या घराच्या खिडक्या मोकळ्या केलेल्या दिसत होत्या. ती अंगणात काहीतरी वाळत घालत होती. अँसेल्म तिकडे बघत उभा राहिला. पाऊल मात्र उचलेना.

“जा ना,” मी म्हटलं. “समोर तर आहे.”

“मी गेलो तर बोलायला लागेन. मी हे केलं, मी ते काढलं, म्हणून समजावत बसेन. मग ती गप्प बसेल.” त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि इअरफोनसकट माझ्या हातात ठेवला. “तुम्ही जा, शेजारीणबाई. मूळचंच लावलंय. तिला बसवा, दोन्ही कानांत घाला आणि शेवटपर्यंत ऐकवा. माझी बाजू मांडू नका. धापेचं मी जे बोललो ते सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. शनिवारी ये म्हणूनही म्हणू नका. ऐकून झाल्यावर फक्त विचारा, कसं वाटलं. आणि ती जे म्हणेल ते मला जसंच्या तसं आणून सांगा. साखर घालू नका. शिवी दिली, तर शिवीच आणा.”